प्रार्थनागृहाच्या गाद्या

मंगळवार, दुपार

भिंगरे,

तुमच्या शुद्धिगृहाचा माणूस काल गाडी घेऊन आला. आत पाऊल टाकायच्या आधी त्याने उंबऱ्यावर पाणी शिंपडलं. माझ्या उंबऱ्यावर! मी म्हटलं, बाबा, शिंपडतोच आहेस तर पुसूनही घे, सकाळपासून झाडायला सवड झालेली नाही. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मी बोलणारी शेळी आहे. मग पोती उतरवली आणि थोरल्यांचा हुकूम वाचून दाखवला. प्रार्थनागृहासाठी गुडघ्यांखाली घ्यायच्या गाद्या हव्यात. लहान, चौकोनी, घट्ट. एक मोठी, सोनेरी काठाची, ती खुद्द थोरल्यांची. कापूस लागणार नाही, भरण गृहाचंच.

पोतं उघडलं तर केस. बायकांचे. लांब, आखूड, तेल लावलेले, विंचरायचे राहून गेलेले, सगळे कोंबलेले. आयुष्यभर गाद्या भरते आहे. कापूस भरला, लोकर भरली, गवत भरलं, एका चिकट माणसाने स्वतःच्या कोंबड्यांची पिसं आणून दिली तीही भरली. केस कधी भरले नव्हते.

हे केस पोत्यात भरायचं काम तुझ्याकडे आहे, असं तू मागच्या पत्रात मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतंस. तुझी आई गेल्यापासून तुला मी वाढवली, शाळेत घातली, म्हटलं निदान दुकानाची पाटी तरी रंगवेल. पोरीने काय केलं, तर केर गोळा केला, तोही देवाच्या नावाने. कुणाचे आहेत हे? इतक्या बायकांना एकदम टक्कल करायची हौस आली कुठून?

दुसरं असं, की तुझी मावशी तुमच्या गावात लोकर विकायला गेली, ती थंडी पडली तरी परतलेली नाही. तिच्या जिभेला हाड नाही हे तुला माहीत आहे. कुणाशी भांडून बसली असेल. दिसली तर सांग, आई ओरडते आहे म्हणावं.

तुझी आजी


शुद्धिमासाचा दुसरा गुरुवार

आदरणीय आजी,

पत्र पोहोचलं. आधी एक सांगते. इथे आलेलं आणि इथून गेलेलं प्रत्येक पत्र पत्रपाहणी करणारे बंधू उघडून वाचतात. त्यात गैर काही नाही, मन स्वच्छ असलं की लपवायचं काय? पण तू जरा जपून लिही. ‘केर’ हा शब्द त्यांना मुळीच आवडला नाही.

ते केस चेटकिणींचे आहेत. त्या तळघरात असतात आणि त्यांची शुद्धी चालू असते. केसांत त्यांचा गर्व साठतो, म्हणून पहिल्याच दिवशी डोकं भादरतात. तोंडावर गोणपाटाची पिशवी असते, तिला वरून भोक पाडून फक्त डोकं बाहेर काढतात. त्यामुळे मी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही आणि पाहायची इच्छाही नाही. मी खाली पडलेले केस उचलते. गाद्यांची कल्पना थोरल्यांची. ते म्हणाले, त्यांचा गर्व आमच्या गुडघ्यांखाली राहील आणि आम्ही त्यावर वाकून प्रार्थना करू. सगळ्या सभेच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्यासुद्धा.

मावशी मला दिसली नाही. लोकरीचा बाजार उठून महिना झाला. ती पुढे बंदराकडे गेली असेल, तिला कुठे एका जागी राहवतं?

आता आनंदाची बातमी. पुढच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी माझी दीक्षा आहे. त्याच दिवशी सगळं गृह तुझ्या गाद्यांवर पहिल्यांदा गुडघे टेकणार. मला पहिल्या ओळीत जागा मिळाली आहे, थोरल्यांच्या मागेच. माझ्यासारख्या मुलीला हा मान आजवर मिळाला नव्हता. दीक्षा झाली की मी कायमची इथली. मग नातेवाइकांना भेटता येत नाही, म्हणून आत्ताच आशीर्वाद मागते.

फक्त काही आगळीक होऊ नये. गेल्या महिन्यात एका मुलीच्या भावाने गृहाबद्दल वेडंवाकडं लिहिलं, तर तिला प्रार्थनेत गुडघे टेकू दिले नाहीत. सगळे वाकलेले आणि ती एकटी दाराशी उभी, भिंतीकडे तोंड करून. मला तर बघवेना. माझ्यावर अशी वेळ आली तर मी मरूनच जाईन.

तुझी नात
(आता मला इथे भिंगरी म्हणत नाहीत)


सोमवार, पिंजण आवरून

भिंगरे,

केस पिंजून झाले. कापसासारखे ते ऐकत नाहीत, उलटे फिरतात. एका पोत्यातले माझ्या बोटाला गुंडाळले आणि सोडेनात. पिंजण बाजूला ठेवली, बोट घासलं, चुलीजवळ नेलं, तरी सोडेनात. शेवटी मी त्यांच्यावर खेकसले तेव्हा सुटले. बोटावर वळ उठला आहे. असो. म्हातारपणी असले खेळ चालायचेच. सोनेरी काठाच्या खोळीत काय घालायचं हेही ठरलं. सगळ्या गाद्या भरल्या, दाभण घालून शिवल्या आणि गाडीत चढवल्या. दाबून भरल्या आहेत. इतकं मन लावून मी कुणाच्या लग्नाचीही गादी भरली नव्हती.

आता आशीर्वाद. देत नाही.

तुमच्या थोरल्यांना मी ओळखते. आमच्याच गल्लीतला, दिवे विकणाऱ्याचा मुलगा. दिवेवाल्याची बायको बिचारी त्याची गादी डोक्यावर घेऊन मागच्या दाराने माझ्याकडे यायची. मिसरूड फुटेपर्यंत तो गादी ओली करायचा. दर पावसाळ्याला नवा कापूस. गल्लीत सांगू नका म्हणायची, मी नाही सांगितलं. आज सांगते. आणि हा माणूस बायकांना शुद्ध करणार! आधी कापसाला विचार म्हणावं.

आणि हे पत्र फोडणाऱ्या बंधू, तुलाही दोन शब्द. लोकांच्या आजीची पत्रं वाचायला आईबापांनी तुला वाढवलं का रे? हे पत्र सभेत मोठ्याने वाच. अडखळू नकोस. ओली गादी इथे जरा थांब, लोकांना हसायला वेळ दे.

तुझी आजी


शुद्धिमासाचा तिसरा शनिवार
पत्रपाहणी विभागाकडून

गादी भरणाऱ्या बाईस,

आपले पत्र सभेपुढे वाचण्यात आले. कोणीही हसले नाही. थोरल्यांनी आपणांस क्षमा केली आहे. त्यांची क्षमा मोठी आहे, आपल्यासारखीला ती समजणार नाही.

नियमाप्रमाणे आपल्या नातीस पुढच्या गुरुवारच्या प्रार्थनेत उंबऱ्याशी उभे राहावे लागेल. त्यानंतर तिची जागा तिला परत मिळेल आणि ठरल्या दिवशी दीक्षा होईल. मात्र यापुढे आपल्याकडून एक जरी गैरशब्द आला, तर दीक्षेच्या दिवशीही ती उभी राहील. सर्वांच्या देखत, कपाळावर काळा पट्टा ओढून. एका अडाणी म्हातारीच्या जिभेपायी मुलीचे आयुष्य नासवायचे की नाही, हे आपण ठरवावे.

आपण कोण आणि आम्ही कोण, याचेही भान ठेवावे.

पत्रपाहणी बंधू


रविवार

आजी,

तू असं का केलंस?

मी गुरुवारी उभी राहिले. भिंतीचा चुना नाकाला लागत होता. मागे कुणीतरी दबक्या आवाजात ‘ओली गादी’ म्हणालं आणि कुणीतरी हसलं, म्हणून सगळ्यांनाच दंड झाला, आणि आता सगळे माझ्यावर चिडले आहेत. तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू कुणाचं कौतुक केलेलं मी आजवर ऐकलं नाही. पण मला वाटायचं, माझ्या बाबतीत तरी जीभ आवरशील.

गाद्या आल्या आहेत आणि प्रार्थनागृहात मांडल्या आहेत. दीक्षेपर्यंत त्यांवर कुणी बसायचं नाही. खरं सांगू? तुझी शिवण पूर्वीसारखी राहिली नाही. टाक्यांमधून केस बाहेर येतात. मी रोज सकाळी झाडायला गेले की कापते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गवतासारखे वर आलेले असतात. मी कुणाला सांगितलं नाही, तुझी लाज राखली.

हात जोडते. दीक्षेपर्यंत एक ओळसुद्धा लिहू नकोस. माझ्यावर थोडीही माया असेल तर गप्प राहा.

तुझी नात


मंगळवार, सकाळी सकाळी, गाडीवाल्याला थांबवून

भिंगरे,

माझी शिवण वाईट? या हातांनी शिवलेल्या गादीवर तुझी आई जन्मली आणि त्याच गादीवर तू. एक टाका उसवला नाही. शिवणीला बोल लावलास, हे मी लक्षात ठेवीन.

गप्प राहायला सांगतेस. तर ऐक, आणि तूही ऐक रे लिफाफेफोड्या. तुमचं शुद्धिगृह म्हणजे भित्र्यांचा गोठा आहे. बायका मोठ्याने बोलल्या की यांच्या पोटात गोळा येतो, आणि त्या गोळ्याला हे देव म्हणतात. तुमचे थोरले रस्त्याने चालले की कुत्रीसुद्धा वास घेऊन पुढे जातात. तुमची क्षमा मी चुलीत घातली, तिने धड पेटसुद्धा घेतला नाही. आणि तुमचा देव जर खरंच तुमच्यासारखा असेल, तर त्याला सांगा, म्हातारी म्हणते, माझ्या दारात उभा राहू नकोस, मी भांडी घासायला लावीन.

एवढ्याने भागलं नसेल तर कळवा. अजून आहे माझ्याकडे.

नातीला काळा पट्टा ओढायचा तर खुशाल ओढा. रुंद ओढा.

आजी


वार कुठला ते कळत नाही

आजी,

हे पत्र कुणी वाचलेलं नाही. पत्रपाहणी करणारे बंधू तिसऱ्या ओळीत आहेत आणि उठू शकत नाहीत.

तुझं पत्र दीक्षेच्या आदल्या दिवशी आलं. थोरले पांढरेफटक पडले. मला पट्टा ओढून दाराशी उभी केली. मी रडत होते, तुला शिव्या देत होते. मग घंटा झाली आणि सगळं गृह एकदम गुडघ्यांवर आलं. पाठमोरी असले तरी मला ते ऐकू आलं. आधी कपड्यांची सळसळ. मग आणखी एक सळसळ, कपड्यांची नव्हती. वाळलेल्या पानांवरून जनावर जावं तशी. थांबेचना.

प्रार्थना संपली. कुणी उठलं नाही. थोरले म्हणाले, पुन्हा म्हणूया. पुन्हा म्हटली. पुन्हा कुणी उठलं नाही. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज चिरकला, तेव्हा मी नियम मोडून वळून पाहिलं.

आजी, सगळ्या गाद्यांचे टाके उघडले होते. केस बाहेर आले होते आणि त्यांच्या पोटऱ्यांभोवती मुळांसारखे गुंडाळत होते. पोटऱ्यांवरून मांड्यांवर, मांड्यांवरून झग्याच्या आत. कुणी ओरडत नव्हतं. एकमेकांकडे बघत होते, घाम गळत होता आणि ओठ प्रार्थना म्हणत होते. मला आधी कळेना, हे ओरडत का नाहीत? मग कळलं. गृहाचा नियमच आहे: ज्याला चेटूक लागलं, मग तो कुणीही असो, त्याला तळघरात न्यायचं. पहिला जो ओरडेल तो तळघरात जाणार. म्हणून कुणीच पहिला होईना.

संध्याकाळी गावातली माणसं दर्शनाला आली. थोरले हसून म्हणाले, आम्ही व्रत घेतलं आहे, आता उठणार नाही. झालं. गाव वेडं झालं. केवढी ही भक्ती! लोक लांबून येतात, फुलं टाकतात, चमच्याने भरवतात, त्यांच्या तोंडावरचा घाम पुसून तो रुमाल घरी नेतात. आठवडा होत आला. केस आता गळ्यापर्यंत आले आहेत. कॉलरच्या आत दडवलेले असतात. जवळ गेलं तरच दिसतात. थोरल्यांच्या कानामागून एक पांढरी बट बाहेर आली आहे आणि रोज थोडी थोडी घट्ट होते. काल त्यांनी मला हळूच बोलावलं. नुसत्या डोळ्यांनी कात्री दाखवली. लोक बघत होते, म्हणून लगेच पुन्हा हसले.

तू काय केलंस? तू कोण आहेस? मी कापू का? गृहाच्या सगळ्या किल्ल्या माझ्याकडे आहेत, कारण उभी अशी मी एकटीच आहे.

भिंगरी


गुरुवार

भिंगरे,

मी कोण? गादी भरणारी. चेटूक मला येत नाही, कामातून सवड कुणाला? केस माझ्या बोटाला गुंडाळले तेव्हाच कळलं, यांच्यात अजून जीव आहे आणि राग आहे. भरायला नकार देता आला असता. दिला नाही. उलट दाबून भरले. बस, एवढंच माझं चेटूक.

आणि तू पोती भरणारी! पांढरी बट पाहिलीस आणि ओळखली नाहीस? लहानपणी तीच मुठीत धरून झोपायचीस. सोडवायला गेलं की भोकाड पसरायचीस. तुझ्या मावशीची बट ती. तिच्या कपाळाला लहानपणी निखारा लागला, तिथले केस पांढरे उगवले. तू ती झाडूने गोळा केलीस आणि माझ्याकडे पाठवलीस. मी पोत्यातून उचलली, बघितली, आणि सोनेरी काठाच्या गादीत सगळ्यांत वर ठेवली. रडले बिडले नाही. उजेड होता तोवर शिवून घेतलं.

आता तू म्हणशील, आजीने माझा मान घालवला. तुझ्या थोरल्यांच्या मागच्याच गादीवर तू बसणार होतीस. खरं लिहिलं असतं तर लिफाफेफोड्याने पत्र जाळलं असतं आणि तुला नेऊन बसवलं असतं. तूच लिहिलंस, कुणी वाईट बोललं की पोरीला उभी करतात. वाईट बोलणं तर मला येतंच. आयुष्यात पहिल्यांदा कामाला आलं.

कापू का म्हणून मला विचारू नकोस. केस माझे नाहीत. तुझेही नाहीत. किल्ल्या आहेत ना? मग तळघर उघड. ज्यांच्या डोक्यावरचे आहेत त्यांना विचार. आणि तोंडावरच्या पिशव्या आधी काढ, बोलायला बरं पडतं.

आजी


सोमवार

आजी,

उघडलं.

मावशी तिसऱ्या कोठडीत होती. पिशवी काढली तर आधी मला ओळखेना, माझं कपाळ काळं होतं. मग म्हणाली, “भिंगरे, किती गं हा उशीर! आणि हे काय फासून घेतलंस, तवा पुसलास का?” मला रडू फुटलं, तर म्हणे, “रडणं नंतर. आधी पाणी आण, आणि यांनाही दे.” ती बारीक झाली आहे. डोक्यावर इवलेसे केस आले आहेत. तिला पकडलं ते भर बाजारात. थोरले प्रवचन करत होते आणि ती म्हणाली, आवरा, लोकर भिजते आहे. एवढाच गुन्हा.

भर दुपारी सगळ्याजणींना वर प्रार्थनागृहात नेलं. लोकांना वाटलं, टक्कल केलेल्या भक्तिणी आल्या, त्यांनी वाट करून दिली. मावशी थोरल्यांच्या समोर जाऊन बसली, मांडी घालून. ती बट तिला बघून हलली, आजी. मांजर शेपटी हलवतं तशी. थोरले ओठ न हलवता म्हणाले, “सोडव.” मावशी म्हणाली, “सोडवते की. मोठ्याने सांगा, हे काय आहे आणि कुणाचं आहे. सगळ्यांना ऐकू येईल असं. लगेच सोडवते.” थोरल्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग फुलं घेऊन उभ्या असलेल्या गर्दीकडे. गर्दीतली एक बाई म्हणाली, “बघा बघा, चेहऱ्यावर केवढं तेज!” आणि थोरले हसले. मग पुन्हा प्रार्थना सुरू केली.

मावशीने बराच वेळ वाट पाहिली. बाकीच्याजणीही आपापल्या केसांसमोर बसल्या होत्या. एकाही बंधूने खरं सांगितलं नाही. पत्रपाहणी करणारा तर डोळे मिटून मोठमोठ्याने गाऊ लागला. शेवटी मावशी उठली आणि म्हणाली, “चला गं. यांना आवडतंय.” सगळ्या स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर पडल्या. मावशी परवापर्यंत तुझ्याकडे पोहोचेल.

मी गेले नाही. का ते लिहिते, चिडू नकोस. इथे आता कुणी उभं नाही. लोक मला विचारायला येतात. कालपासून माझ्या पाया पडतात. म्हणतात, सगळे वाकले असताना ही एकटी उभी राहिली, हिच्यात काहीतरी आहे. मला थोरली करायचं म्हणतात. आणि आजी, मी विचार करते, का नाही? गृह वाईट नव्हतं, माणसं वाईट होती. मी सगळं नीट करीन. तळघर धुऊन घेईन, त्याच्या भिंतींना खिडक्या पाडीन. निरपराध बाईला कुणी हात लावणार नाही. आधी चौकशी करीन, स्वतः. आणि ज्या खरोखरच चेटकिणी निघतील, त्या तेवढ्या ठेवीन.

तुझं मत कळव.

तुझी नात


बुधवार

भिंगरे,

मावशी काल आली. दोन वेळा जेवली, दोन वेळा भांडली, आता झोपली आहे. बरी आहे.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. ती उठली आणि डोक्याला घट्ट फडकं बांधून घेतलं. 

मत विचारतेस, तर सांगते. खिडक्या पाडलेलं तळघर हे तळघरच असतं. खऱ्या तेवढ्या ठेवीन म्हणतेस. तुझे थोरलेही खऱ्याच ठेवायचे, दुसरं काय? एकही खोटी आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. लोक पाया पडले आणि आठवड्याच्या आत तुझं डोकं फिरलं. ओली गादी करणाऱ्यालाही वर्षं लागली होती.

पण मी कोण सांगणारी? शिकलेली तू आहेस. तुला व्हायचं तर हो थोरली. गाडीवाला परवा पुन्हा तिकडे येतो आहे, येताना गाडीत एक जागा रिकामी असेल. बसून ये.

यायचं नसेल तर त्याच्याच हाती गुडघ्यांचं माप पाठव. पिंजताना थोडे केस बाजूला राहिले होते, ते मी टाकले नाहीत.

तुझी आजी